पोटाची विद्या आणि मनाची विद्या

मृगाचा पाऊस पडून शेतकरी पेरणीच्या तयारीस लागला, की लातूर शहरात दुसऱ्याच एका पेरणीची धांदल सुरू होते. बीड, परभणी, नांदेड, धाराशिव अशा चहूबाजूंच्या गावांतून एसटीच्या गाड्या येतात आणि त्यांतून बाडबिस्तारा सांभाळीत सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली उतरतात. बरोबर वडील असतात. कधी आईही असते. खोली पाहावयाची, खानावळ ठरवावयाची, शिकवणीवर्गाचे शुल्क भरावयाचे आणि दोन वर्षांनी होणाऱ्या वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेस मुलाला वाहून टाकून परत फिरावयाचे. 'लातूर पॅटर्न' या नावाने साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालेली ही रीत आहे, आणि तिने अनेक गरीब घरांत पहिला डॉक्टर व पहिला इंजिनियर आणून बसविला आहे, हे कोणीही प्रांजळपणे मान्य करील.

परंतु या धांदलीत कोणी सहज विचारले, की 'मुलाचा ओढा कशाकडे आहे?', तर वडिलांचे उत्तर ठरलेले असते. 'ओढ्याचे पुढे पाहू. आधी पोटाचे पाहू.' याच्या अगदी उलट बोलणारा एक वर्ग अलीकडे शहरांतून निघाला आहे. तो म्हणतो, 'आधी आपली आवड शोधून काढा. पोट तिच्या मागून आपोआप भरेल.' हे दोन पक्ष एकमेकांस विरोधी भासतात; पण नीट पाहिले असता दोघांच्या बोलण्याच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी, की आवड आणि उपजीविका या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत आणि वाद काय तो आधी कोणती व मागून कोणती एवढाच. ही समजूत खरी आहे काय, याचा विचार उपदेशाच्या मार्गाने न करता इतिहासाच्या मार्गाने करावा असे आम्ही योजिले आहे. आणि त्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. आज लातूर आणि नांदेड या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मुलखातच गेल्या शतकात दोन पुरुष असे होऊन गेले, की त्यांची चरित्रे शेजारी-शेजारी मांडली असता या प्रश्नावर पुष्कळच प्रकाश पडतो. पहिले निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी. दुसरे नांदेडचे नरहर कुरुंदकर.

प्रथम त्या काळच्या परिस्थितीची कल्पना वाचकांनी मनाशी आणली पाहिजे. मराठवाडा हा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद राज्याचा भाग होता. राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. पण १८८४ साली फार्सीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली होती, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर वैद्यकापर्यंतच्या साऱ्या विद्या उर्दूतूनच शिकविल्या जात. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो हिंदुस्थानातील एक मोठा प्रयोग होता हे खरे. परंतु ज्या मुलाच्या घरी उर्दूचा शब्द नाही त्याच्या दृष्टीने तो परभाषेचाच डोंगर होता. पुण्या-मुंबईच्या मुलास मराठी शाळा, इंग्रजी हायस्कूल, वाचनालय, वसंत व्याख्यानमाला यांचे जे वातावरण आयते मिळे, त्याचा येथे अभाव होता. अशा ठिकाणी 'तुझी आवड काय?' हा प्रश्न मुलाला कोण विचारणार? शाळा हीच मुळी थोड्यांच्या वाट्यास येई, आणि जिच्या वाट्यास येई त्याने मिळेल ते शिकावे, मिळेल ती सरकारी नोकरी धरावी आणि कुटुंब चालवावे, एवढाच मार्ग समोर असे.

या परिस्थितीत, निलंगा येथे २७ ऑगस्ट १९१० रोजी सेतुमाधवरावांचा जन्म झाला. नीळकंठेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे जाणकारांस परिचित असलेले हे गाव मराठी आणि कानडी मुलखांच्या सीमेवरचे. त्या वेळी ते बीदर जिल्ह्यात मोडे, १९५६ च्या पुनर्रचनेत ते उस्मानाबादकडे आले आणि १९८२ साली लातूर जिल्हा निराळा झाल्यावर त्याचा भाग बनले. योगायोग असा, की त्याच १९१० च्या जुलै महिन्यात पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली होती. मराठ्यांच्या इतिहासाचे कागद धुंडाळण्यासाठी राजवाड्यांसारखी माणसे तेथे घरदार विसरून कामास लागली होती. पुण्याच्या एखाद्या मुलास इतिहासाचे वेड लागले असते, तर मोडी दप्तर, जुनी घराणी आणि जाणते गुरू त्याला पायी चालत जाण्याच्या अंतरावर होते. निलंग्याच्या मुलाजवळ यांतील काहीही नव्हते. त्याच्याजवळ काय होते? शाळेने माथी मारलेली उर्दू आणि तिच्या मागोमाग आलेली फार्सी!

ज्याला आपण अडचण म्हणतो तिचे भांडवल कसे होते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही. मराठ्यांच्या इतिहासाची एक बाजू मोडी कागदांत आहे, तर दुसरी बाजू फार्सी कागदांत आहे. औरंगजेब बादशहा दक्षिणेत उतरला आणि १७०७ साली अहमदनगरजवळ मरण पावला. या दरम्यानच्या पाव शतकाच्या युद्धाची रोजची हालहवाल मोगल छावणीतील अखबारांत, म्हणजे दरबारी बातमीपत्रांत, नोंदलेली आहे. कोणता किल्ला वेढला, कोणता सरदार फितला, रसद कोठे लुटली गेली, हे सारे शत्रूच्याच लेखणीने लिहिलेले. ही बाजू वाचावयाची तर फार्सी हवी, आणि महाराष्ट्रातील इतिहासाभ्यासकांत फार्सी चांगली जाणणारे ग. ह. खरे यांच्यासारखे विद्वान थोडेच होते. पुण्याच्या विद्वानास जी भाषा मुद्दाम परिश्रम करून मिळवावी लागे, ती निजामी राज्यातील विद्यार्थ्यास सक्तीने मिळाली होती. सक्ती गोड नव्हती. पण तिच्या पोटी जे साधन आले ते टाकून न देता सेतुमाधवरावांनी जन्मभर जतन केले.

येथे कोणी असे समजेल, की या गृहस्थांनी लहानपणीच इतिहासकार होण्याचा संकल्प सोडला आणि ते त्या दिशेने सरळ चालत गेले. तसे मुळीच घडले नाही. उच्च शिक्षणासाठी उत्तरेकडे बनारस-अलाहाबादपर्यंत जाऊन आल्यावर त्यांनी हैदराबादच्या मुलकी सेवेत प्रवेश केला, आणि पुढची कित्येक वर्षे ते महसूल, दौरे, मिसली आणि बदल्या यांतच होते. साधारण माणसाने अशा नोकरीत काय केले असते? संध्याकाळी दप्तर मिटले की आपले आयुष्य वाया जात असल्याची खंत करीत बसला असता. सेतुमाधवरावांनी दप्तर मिटण्याची वाट पाहिली नाही. दप्तरातूनच त्यांना विद्या सापडली.

याची हकीगत आदिलाबाद जिल्ह्यात घडली. हा जिल्हा नांदेडला लागूनच असून आजच्या नांदेड जिल्ह्यातील किनवटचा मुलूख १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात मोडत असे. तेथील डोंगरांत गोंड आणि कोलाम लोकांची वस्ती. जंगलखात्याचे निर्बंध, बाहेरून आलेल्या लोकांच्या हाती जाणाऱ्या जमिनी आणि सावकारी यांनी हे लोक गांजून गेले होते. १९४० साली कुमरम भीमू याच्या पुढारीपणाखाली जोडेघाट येथे जो उठाव झाला त्यात भीमू आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. यानंतर सरकारचे डोळे उघडले. फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे चौकशीचे काम सोपविण्यात आले, आणि १९४३ साली मार्लावाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याची शाळा निघाली. गोंडी भाषेस स्वतःची प्रचलित लिपी नसल्यामुळे मुलांची पहिली पुस्तके देवनागरीत छापण्यात आली. या आदिवासी-सुधारणेच्या कामावर ज्या अधिकाऱ्यांची नेमणूक झाली त्यांत सेतुमाधवराव होते.

अधिकाऱ्याचे काम दुभाष्याच्या मदतीने चालते. जमीन कोणाची, पट्टा कोणाचा, एवढे विचारून निकाल देता येतो. परंतु दुभाषा ज्या माणसाच्या हातातला असेल त्याचाच न्याय होतो, हे ज्याला कळले त्याला दुभाष्यावर विसंबून राहवत नाही. सेतुमाधवराव गोंडी शिकले, कोलामी शिकले, नुसते बोलण्यापुरते शिकून थांबले नाहीत, तर या दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहून प्रसिद्ध केली. कोलामीचे १९५० साली आणि गोंडीचे १९५४ साली ती छापली गेली. बरो आणि एमेनो या दोन पंडितांनी सिद्ध केलेला द्राविड भाषांचा व्युत्पत्तिकोश १९६१ साली ऑक्सफर्डहून निघाला. त्यात कोलामी आणि गोंडी शब्दांच्या आधारांमध्ये या मराठवाडी मुलकी अधिकाऱ्याच्या पुस्तकांचा निर्देश आहे. भाषाशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हता; त्यांना त्यासाठी कोणी वेतन देत नव्हते. महसुलाचे काम नीट करावयाचे तर समोरच्या माणसाची भाषा आली पाहिजे, या साध्या कर्तव्यबुद्धीतून ती विद्या उगवली, आणि उगवल्यावर तिने त्यांना सोडले नाही. आवड ही आधी हुडकून काढावयाची आणि मग तिला शोभेसे काम शोधावयाचे, असा क्रम येथे दिसत नाही. कामात जीव ओतला आणि त्या ओतण्यातून आवड घडत गेली, असाच क्रम दिसतो.

पुढे १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात विलीन झाले; १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. सेतुमाधवरावही मुंबईस आले, आणि महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली. येथे मात्र पोटाची विद्या आणि मनाची विद्या यांचे प्रवाह एकत्र मिळाले. भीमसेन सक्सेना याची 'तारीखे दिलकुशा' त्यांनी मराठीत आणली. मोगल दरबारची बातमीपत्रे मराठी वाचकांस वाचावयास दिली. निजाम व मराठे यांच्या संबंधांवर लिहिले. सूफी संप्रदायावर व उर्दू काव्यावर ग्रंथ रचले. १९९२ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली, आणि १४ ऑक्टोबर १९९४ रोजी ते निवर्तले.

यांतील भीमसेनाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ, औरंगाबादेस वाढलेला, मोगली लष्करात कारकुनी करून पोट भरणारा. दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहून तो वर्षानुवर्षे दक्षिणेत छावणीबरोबर फिरला आणि जे डोळ्यांनी पाहिले ते लिहून ठेवता झाला. दरबाराचा अधिकृत इतिहास लिहिण्याचे काम त्याला कोणी सांगितले नव्हते. म्हणूनच त्याच्या लेखणीत दुष्काळ आहे, महागाई आहे, शिपायांचे हाल आहेत. आपल्या कारकुनीतून इतिहास काढणारा सतराव्या शतकातील हा माणूस आणि आपल्या मुलकी नोकरीतून व्याकरण काढणारा विसाव्या शतकातील त्याचा भाषांतरकार, यांच्यात आम्हांस एक नाते दिसते. दोघांनीही आपल्या भाकरीच्या वाटेवर जे दिसले त्याकडे डोळेझाक केली नाही.

हा काही केवळ मराठवाड्यातीलच योग आहे असे नाही. मराठ्यांच्या इतिहासाचा विस्तृत ग्रंथ ज्यांच्या नावाने आज ओळखला जातो ते गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीस राहिले ते इतिहासकार म्हणून राहिले नव्हते. महाराजांस वाचून दाखविणे आणि राजपुत्रांस शिकविणे हे त्यांचे काम. शिकविण्यासाठी जी टिपणे काढावी लागली तीच वाढत जाऊन १८९८ साली 'मुसलमानी रियासत' झाली आणि पुढे 'मराठी रियासत' झाली. १९२५ साली सेवा संपल्यावर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादन केले. राजवाड्यांचा मार्ग निराळा होता. त्यांनी नोकरीच नाकारली आणि दारिद्र्य पत्करले. तो मार्ग थोर खरा, परंतु तो एकच मार्ग आहे असे मानल्याने आपल्याकडील अनेक होतकरू माणसे एक तर उगाच उपाशी राहिली, नाही तर उगाच निराश झाली.

आता दुसऱ्या चरित्राकडे वळू. सेतुमाधवरावांच्या बाबतीत नोकरीचे दार उघडे होते आणि विद्या त्या दारातून आत आली. नरहर कुरुंदकरांच्या बाबतीत नेमके उलट घडले. विद्या घरात भरून राहिलेली, आणि दारच उघडेना.

कुरुंदकरांचे मूळ गाव वसमत तालुक्यातील कुरुंदा. जन्म १५ जुलै १९३२ चा. पुढील शिक्षणासाठी ते हैदराबादेस गेले. तेथे त्यांचे मामा, मराठीचे प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर, यांची विद्वत्ता आणि त्यांचा ग्रंथसंग्रह यांचा सहवास त्यांना लाभला. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांची तुलना करणारा 'मुक्तमयूरांची भारते' हा प्रबंध याच नांदापूरकरांचा. अशा घरात वाचनाची गोडी लागलेला मुलगा परीक्षेसाठी नेमलेल्या पुस्तकांपुरता वाचीलच असे नाही. आणि झालेही तसेच. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ते दिवस होते, विद्यार्थी चळवळीत ओढले गेले होते, आणि इंटरच्या परीक्षेने कुरुंदकरांना दाद दिली नाही. ज्याचे बोलणे ऐकून वडीलधाऱ्यांनी थक्क व्हावे, त्याच्या नावापुढे निकालात 'अनुत्तीर्ण' हा शब्द लागला.

मध्यमवर्गीय घरात या शब्दाचा अर्थ काय होतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आजच्या लातुरात असे घडले तर त्या मुलाकडे घरची माणसे कोणत्या नजरेने पाहतील? कुरुंदकरांच्या बाबतीत वाट निघाली ती नांदेडच्या एका शाळेमुळे. १९५५ साली प्रतिभा निकेतन विद्यालयात ते शिक्षक झाले. पदवी हाती आलेली नव्हती. ती त्यांनी पुढे नोकरी करता करता मिळविली आणि नंतर एम. ए. ही झाले. १९६३ साली ते पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले. हे कॉलेज स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने १९५० साली नांदेडास निघालेले. १९७७ साली त्याच कॉलेजचे ते प्राचार्य झाले, आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. वय उणेपुरे पन्नासही नव्हते.

शाळामास्तरीची ती आठ वर्षे त्यांच्या आयुष्यातील रिकामी वर्षे होती असे ज्यांना वाटते त्यांनी १९६३ नंतर निघालेल्या त्यांच्या पुस्तकांकडे पाहावे. कॉलेजात येताच रिचर्ड्सच्या कलामीमांसेवरचे पुस्तक आणि 'रूपवेध' बाहेर पडतात. मागोमाग 'मागोवा', 'जागर', 'शिवरात्र' येतात. भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, संगीत, लोकशाही, हिंदू-मुसलमानांचा प्रश्न, शिवाजी महाराजांचे कर्तृत्व, असे त्यांचे विषय आहेत. एवढी बैठक एका वर्षात बसत नाही. ती शाळेच्या वर्गात, संध्याकाळच्या बैठकीत आणि रात्रीच्या वाचनात बसली होती. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीस १९६८ साली जी प्रस्तावना लागली ती मुळात कुरुंदकरांनी लेखकास लिहिलेले दीर्घ पत्र होते. नांदेडच्या एका प्राध्यापकाने पत्रातून मांडलेला शिवचरित्राचा विचार साऱ्या महाराष्ट्राने वाचला.

त्यांची आवड कोणती, असा प्रश्न केला तर विषयाचे नाव सांगता येत नाही. विषय अनेक आहेत. आमच्या मते त्यांची खरी आवड होती ती समजावून सांगण्याची. गुंतलेला प्रश्न घ्यावा, त्याच्या गाठी एकेक करून सोडवाव्यात आणि ऐकणाऱ्याला स्वतःच्या डोक्याने विचार करावयास लावावे, यातच त्यांचा आनंद होता. अशी आवड शिक्षकीत जेवढी मुरते तेवढी दुसरीकडे मुरत नाही. म्हणजे परीक्षेने ज्या दारावर त्यांना अडविले, त्याच विद्यामंदिराच्या बाजूच्या दाराने ते आत आले आणि प्राचार्यांच्या खुर्चीपर्यंत गेले.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो न्याय्य आहे. हे दोघे असामान्य बुद्धीचे पुरुष होते. त्यांच्या उदाहरणावरून सामान्य मुलाने काय घ्यावे? शिवाय इंटर नापास होऊन शाळामास्तर झालेले आणि तेथेच विरून गेलेले शेकडो असतील. मुलकी नोकरीत आपले व्याकरण कधीच न लिहिता निवृत्त झालेले अधिकारीही तितकेच असतील. त्यांची चरित्रे कोणी लिहिली? इतिहास हा यशस्वी माणसांचीच नोंद ठेवतो आणि त्यामुळे फसवितो, हे आम्ही जाणतो. किंमतही कमी पडली नाही. सेतुमाधवराव भीमसेनाचा ग्रंथ मराठीत आणतात तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली आहे. आयुष्याची उमेदीची वर्षे सरकारी कागदांत गेली. कुरुंदकरांची कितीतरी पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर, विखुरलेले लेख आणि भाषणे गोळा करून इतरांना काढावी लागली. पन्नाशीच्या आत देह पडल्यामुळे जे लिहून व्हावयाचे ते राहून गेले. आवडीचे काम मिळाले म्हणजे जीवन सुखाचे होते, असे आश्वासन या चरित्रांतून कोणी काढू नये.

मग यांतून काय घ्यावे? आम्हांस वाटते ते असे. पहिली गोष्ट, सोळाव्या वर्षी मुलाला स्वतःची आवड सांगता आली नाही तर त्यात त्याचा दोष नाही. निलंग्याच्या त्या मुलाला गोंडी नावाची भाषा आपल्या भाग्यात आहे हे कोठे ठाऊक होते? आवड ही पुरून ठेवलेला हंडा नाही, की खणले आणि सापडला. ती रोपासारखी असते. बी कोठून तरी वाऱ्याबरोबर येते, आणि जमीन निगराणीत असेल तर रुजते. निगराणी म्हणजे हातातले काम नीट, त्याच्या मुळापर्यंत जाऊन करण्याची सवय. वैद्यकीच्या मार्गाला लावलेल्या मुलातही ती सवय असेल, तर त्याच्या दवाखान्यातूनही काही उगवेल. आणि ती सवय नसेल तर आवडीचा विषय मिळूनही तो चार दिवसांत कंटाळेल.

दुसरी गोष्ट, जे शिकणे सक्तीचे वाटते ते टाकाऊच असते असे नाही. उर्दूच्या सक्तीविषयी मराठवाड्याने जी तक्रार केली ती रास्तच होती, आणि मातृभाषेसाठी जो लढा झाला तोही योग्यच होता. तरीही त्या सक्तीतून आलेले फार्सीचे ज्ञान एका माणसाने फेकून दिले नाही, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची दुसरी बाजू आपल्याला आपल्या भाषेत वाचावयास मिळाली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून ती मुलांना उद्देशून नाही, मोठ्यांना उद्देशून आहे. कुरुंदकरांचे वाचन आणि त्यांची वाणी ही त्यांची स्वतःची; परंतु इंटरमध्ये अडखळलेल्या तरुणास १९५५ साली वर्गात उभे करणारी शाळा ही नांदेडची होती. त्या शाळेने निकालपत्राकडेच पाहिले असते, तर? नांदापूरकरांच्या घरचा ग्रंथसंग्रह भाच्यासाठी मोकळा नसता, तर? आदिलाबादच्या त्या अधिकाऱ्याला 'आपल्या कामाशी काम ठेवा. गोंडी शिकण्याचे तुम्हांस प्रयोजन काय?' असे वरिष्ठांनी बजावले असते, तर? माणसाची आवड त्याची स्वतःची असली तरी तिला लागणारे दार समाजाच्या हाती असते. समाजाने परीक्षा हे एकच दार ठेवून बाकीची बंद केली, तर जे त्या दारातून जातील त्यांचे भले होईलही. पण बाहेर राहिलेल्यांत कोण होते हे आपल्याला कधीच कळणार नाही.

आम्ही लातूरच्या त्या वडिलांस दोष देत नाही. ज्याने दुष्काळ पाहिला, ज्याने कर्ज काढून मुलाच्या खोलीचे भाडे भरले, त्याने पोटाचा विचार आधी केला तर त्याला शहाणपण शिकविणारे आम्ही कोण? आमचे त्यांच्याजवळ एवढेच मागणे आहे. मुलाला खोलीवर सोडून परत निघताना त्याच्या पुस्तकांच्या गाठोड्यात परीक्षेला न लागणारे एखादे पुस्तक राहू द्यावे. आणि दोन वर्षांनी यादीत मुलाचे नाव दिसले नाही, तर त्या दिवशी त्याला घरी न्यावयास स्वतः जावे, आणि परतीच्या गाडीत निकालाविषयी एक शब्दही न काढता, या दोन वर्षांत तुला काय वाचावेसे वाटले, एवढेच विचारावे.